अकरा जणांचं सुतक

किस्से सांगायला बसलो की एक संपायच्या आत दुसरा पुढे येतो. लालबागच्या आमच्या खाणावळीतले तर खरकट्या ताटांसारखे साठलेत. आणि एकेक असा, की आजही आठवला तरी माझे डोळे विस्फारतात!

खाणावळ सावित्रीमावशीची. चाळीतल्या दोन खोल्या आणि जेवायला आम्ही वीस गिरणीवाले, बहुतेक मालवणकडचे. पहिली पाळी सुटली की दुपारी जेवायचं आणि मग मी वाचनालयातली कादंबरी मोठ्याने वाचायची. कारण धड वाचता येणारा मी एकटाच. मावशीचा वसंता नाइट स्कूलला जायचा, पण तो कायम संयुक्त महाराष्ट्राच्या सभेला नाहीतर मोर्चात!

*

एकदा रहस्यकथा लावली होती. त्यातला खुनी काळा चष्मा घालायचा.

त्याच आठवड्यात गिरणीत आमच्या खात्यात नवा जॉबर, म्हणजे मुकादम, आला. काळा चष्मा लावून! झालं! विणकर भिकाजी दोन दिवस कामावरच गेला नाही.

"अरे, त्या बिचाऱ्याचे डोळे आलेत!" मी म्हटलं.

"खुनीपण असाच सांगत होता," भिकाजी म्हणाला. "पान साठ!"

मी थक्क झालो. पान नंबर मलासुद्धा आठवत नव्हता.

*

मग एक कौटुंबिक कादंबरी आणली. नायिका सासरी छळ सोसून सोसून शेवटी मेली. मावशी पदर तोंडाला लावून आत गेली. पुस्तक आवडलं, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी ताटात नुसता भात आणि बिनफोडणीची डाळ!

"मावशी, मासळी?"

"घरातली पोरगी मेली आणि तुमका मासळी व्हयी?"

तीन दिवस सुतक पाळलं हो बाईने! पुस्तकातल्या पोरीचं! चौथ्या दिवशी भिकाजीने माझी कॉलर धरली. "परत कुणाला मारलंस ना, तर तुझाच नंबर!"

तेव्हापासून मी शेवट बदलायला लागलो.

*

माझ्या वाचनात मग कुणी मरेनाच. कड्यावरून पडलेला झाडात अडकला. नदीत उडी घेतलेलीला नावाड्याने ओढून काढलं. एका नायकाने विष घेतलं, तेव्हा मात्र माझी त-त-प-प झाली. ऐन वेळी सुचलं ते ठोकून दिलं, "विष भेसळीचं निघालं!"

मावशीने कपाळावर हात मारला. "या मुंबईत ईषसुद्धा धड गावत नाय!"

कुणालाही शंका आली नाही, याचा धक्का मलाच बसला.

*

पण एक दिवस वसंता घरी होता. त्याने पुस्तक उचललं, शेवटचं पान चाळलं आणि ओरडला, "आई, ही तर जळून मेलीय!"

मावशी माझ्याकडे बघतच राहिली. मला मान वर करवेना.

"आतापर्यंत किती जणांका मारलंस?"

मी बोटं मोजली. "अकरा."

ती मोरीत गेली आणि लुगड्यासकट डोक्यावर अकरा तांबे ओतून घेतले! एकेकाचं नाव घेऊन! अकराही नावं तिच्या लक्षात होती. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

*

त्यानंतर काही महिन्यांतलीच गोष्ट. मोर्चा फोर्टाकडे गेला आणि तिथे गोळीबार झाला. वसंता मोर्चात होता. तो घरी आला नाही. भिकाजीने हॉस्पिटलं पालथी घातली. मावशी चुलीपुढे नुसती बसून.

तिसऱ्या दिवशी एका कार्यकर्त्याने चिठ्ठी आणून दिली. अक्षर वसंताचं! मी धावतच आत गेलो आणि वाचली, "आई, मी सुखरूप आहे. तुरुंगात आहे. लवकरच सुटेन."

मावशीने हंबरडा फोडला.

"मावशी, अगो, जिवंत आहे तो!"

"तुझ्या वाचण्यात कोण मरता रे? कोणच नाय!"

माझ्या पायाखालची जमीन सरकली. देवाची शपथ घेतली, चार वेळा वाचून दाखवलं. शेवटी खालच्या वाण्याला वर आणला. त्यानेही तेच वाचलं.

"त्याकापण तूच शिकवलंस!" असं म्हणून तिने चुलीतल्या निखाऱ्यांवर पाणी ओतलं. बघता बघता सगळी चाळ गोळा झाली. बायका रडायला लागल्या आणि मी दारात चिठ्ठी धरून उभा. खरं तेच सांगत होतो, पण कुणी ऐकेल तर शपथ!

चार दिवसांनी दुपारी वसंता दारात उभा राहिला. दाढी वाढलेली, सदऱ्याची बाही फाटलेली. भिकाजी शेजारणीने वाढून दिलेल्या ताटावरून तसाच उठला.

मावशीने वसंताला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. जागची हलली नाही. मग हळूच माझ्याकडे वळली आणि म्हणाली,

"आता खरो शेवट सांग."