अक्काच्या गावची सावकाश सकाळ

संभाजीनगरच्या बसस्थानकावर पुढची गाडी सुटायला अजून पाऊण तास होता आणि मी फलाटावरची पाटी चौथ्यांदा वाचत होतो. आरामाला निघालेल्या माणसाने इतकी घाई करू नये हे मला कळत होतं, पण पायांना कळत नव्हतं.

पुण्याजवळच्या एका कारखान्यात माल रवाना करण्याच्या विभागात मी बावीस वर्षं काढली आहेत. पहाटे पाचला डोळे उघडण्याआधी हात फोनवर जायचा. दात घासताना दोन ड्रायव्हरांशी वाद, चहाबरोबर तिसऱ्याशी. दिवाळीनंतर एका सकाळी गेटवर उभा असताना समोरच्या ट्रकचा नंबर मला वाचता येईना. एकेक आकडा स्पष्ट दिसत होता, पण त्यांचा मिळून नंबर होत नव्हता. मी तिथेच पायरीवर बसलो.

डॉक्टरीणबाईंनी सगळ्या तपासण्या केल्या आणि विचारलं, "तुम्ही सकाळी उठता की उडता?" मग 'बर्नआउट' हा शब्द उच्चारून त्यांनी तीन आठवड्यांची रजा लिहून दिली, आणि गोळ्यांच्या नावांपेक्षा मोठ्या अक्षरांत लिहिलं: सकाळचा पहिला तास सावकाश. फरक पडला नाही तर हे काम सोडावं लागेल, असंही बजावलं. सत्तेचाळिसाव्या वर्षी मला दुसरं काय येतं?

"अक्कांकडे जा," माझी बायको माधुरी म्हणाली. "इथे तुम्ही आराम कराल आणि दम मला लागेल."

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. मानवतपासून सहा-सात किलोमीटरवरच्या एका खेड्यात तिचं सासर. मुलगी नांदेडला दिली, मुलगा हैदराबादला नोकरीला. घरात ती आणि दाजी (बहिणीच्या नवऱ्याला आमच्याकडे दाजी म्हणतात). मी तिथल्या सावकाश सकाळींचं वेळापत्रक करून खिशात ठेवलं. सहा ते सहा दहा, नुसतं पडून राहणे. सहा दहा ते सहा पंचवीस, बाहेर बघणे. पुढे 'हळूहळू चहा' यालाही बारा मिनिटं नेमून दिली होती.

जालना, मंठा मागे पडलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काळी जमीन, वेचणी होत आलेला कापूस आणि वाळायला लागलेली तूर. देवगाव फाट्यावर मला गाडी बदलून सेलूमार्गे मानवतला जायचं होतं. उतरतो न उतरतो तोच समोर एक बस निघताना दिसली. मी धावलो, दांडी धरली, चढलो, जागाही पटकावली. तिकीट काढताना कंडक्टरने माझ्याकडे नीट पाहिलं.

"मानवत? मामा, तुमी जिकडून आलाव तिकडंच चाललाव की! ही गाडी जालन्याला जायलीय."

दोन किलोमीटर मागे येऊन उतरलो आणि कापसाच्या ट्रॅक्टरवर बसून फाट्यावर परतलो. तेव्हा माझ्या स्वेटरवर इतका कापूस चिकटला होता की चहावाल्याने आधी तो बघून घेतला, मग चहा ओतला.

"लय घाईत दिसायलाव. दवाखान्यात कुणी हाय का?"

"नाही हो. आराम करायला चाललोय."

त्याने शेजारच्या गिऱ्हाइकाकडे पाहिलं. दोघंही सभ्य होते, हसले नाहीत. "मंग दुसरा घ्या," तो म्हणाला, "गाडीला लय वेळ हाय." गाडीला खरंच वेळ होता. दुसरा चहा मी बसून प्यायलो.

मानवतच्या स्टँडवर दाजी मोटारसायकल घेऊन उभे होते. ते मुळातच कमी बोलतात. कापसाच्या गाड्यांमधून वाट काढत गावाबाहेर पडेपर्यंत ते गप्पच होते, मग म्हणाले, "वाळलाव." पुढे घर येईपर्यंत काही नाही.

अक्काने मात्र दारातच मला दोन्ही हातांनी चाचपून पाहिलं. रात्री तिने येसर आमटी केली. येसर म्हणजे भाजलेली डाळ, धान्य आणि मसाले दळून केलेलं पीठ; त्याची आमटी गरम भाकरीवर ओतली की माणूस काही काळ कुणाचाच कर्मचारी राहत नाही. जेवताना मी डॉक्टरीणबाईंचा कागद वाचून दाखवला. अक्काने तो परीक्षेच्या निकालासारखा गंभीरपणे ऐकला.

"म्हंजे सकाळी तुला आवाज नको, घाई नको. एवढंच ना? होतंय की."

आणि खरंच झालं. पहिल्या सकाळी जाग आली ती शांततेने. पडून राहण्याची दहा मिनिटं मी घड्याळात बघत काढली. दुसऱ्या दिवशी बाहेर बघता बघता चहाच्या वेळेचं उल्लंघन झालं. तिसऱ्या दिवशी वेळापत्रक कुठे गेलं ते आठवेना. ओट्यावर पांघरूण घेऊन बसलो की समोरच्या कडुनिंबावरून ऊन हळूहळू खाली यायचं आणि माझ्या पायांशी पोचायला त्याला बराच वेळ लागायचा. मला त्याचा राग येत नव्हता, हीच मोठी प्रगती. हाताशी गरम पाणी यायचं, मग चहा, मग दही-धपाटे (मिश्र पिठांची तिखट थापलेली पोळी).

गल्लीत माझी ख्याती पसरली होती. शेजारच्या शेवंतामावशी घागर घेऊन जाताना थांबायच्या आणि अतिशय हळू आवाजात विचारायच्या, "पाव्हणं, उठलाव का अजून उठायलाव?"

"उठायलोय," मी म्हणायचो.

"सावकाश. दुपार हाय की."

चौथ्या दिवशी अंगात एवढी हुशारी आली की ज्वारी दळून आणायचं काम मी मागून घेतलं. गिरणी तीन घरं सोडून. गिरणीवाले खाजाभाई पट्टा चढवत होते.

"इतक्या उशिरा सुरू करता?" मी गप्पांच्या ओघात विचारलं.

"उशिरा?" ते हसले. "तीस साल झाले, सहाला पट्टा चढतो. पर अक्का बोलली, भाऊला आवाज सहन होत न्हाई, आठ दिवस आठला चालू करा. तुमच्यापायी मी बी झोपायलो साहेब, लय मजा यायलीय!"

माझ्या हातातला डबा एकाएकी जड झाला. मग एकेक गोष्ट कळत गेली. शेवंतामावशींची म्हैस आमच्या भिंतीजवळून त्यांच्या परड्यात हलवली होती. धपाट्यांचं वाटण अक्का रात्रीच करून ठेवत होती, कारण सकाळी खलबत्त्याचा आवाज होतो. भांडी घासायला ती अंधारातच मागच्या हौदावर नेत होती. दाजींना खोकलासुद्धा बाहेर जाऊन काढायची ताकीद होती. सगळ्या गल्लीची सकाळ माझ्यासाठी पुढेमागे सरकवून ठेवली होती आणि मी ओट्यावर बसून उन्हाच्या सबुरीचं कौतुक करत होतो.

त्या रात्री ठरवलं, पहाटे उठून अक्काला म्हणायचं की बस झालं.

पाच वाजता उठलो. स्वयंपाकघरात उजेड होता आणि करपल्याचा वास येत होता. अक्का चुलीसमोर बसली होती. तव्यावरची भाकरी एका बाजूने काळी पडली होती, पुढच्या भाकरीचं पीठ तिच्या हातांना लागलेलं होतं आणि ती बसल्या जागी भिंतीला डोकं टेकून गाढ झोपली होती. तोंड किंचित उघडं. आमची आई शेवटच्या दिवसांत दिसायची तशी ती दिसत होती, आणि अक्का तर अवघी चौपन्नची.

मी घाबरलो. नाकाशी बोट धरलं. श्वास नीट चालला होता. मग फडक्याने तवा उतरवला, जळतं लाकूड मागे ओढलं. तेवढ्यात दाजी दारात आले. मी ओठांवर बोट ठेवलं. ते उंबऱ्यावरच उभे राहिले. किती वेळ तिच्याकडे बघत होते कोण जाणे. मग पुटपुटले, "लगीन होऊन बत्तीस वर्षं झाली. हिला सकाळी झोपलेली मी बघितलीच न्हाई."

त्यांनी आतून गोधडी आणली आणि तिच्या अंगावर घातली. इतक्या हळू की ती अंगावर आली हे मलासुद्धा आधी कळलं नाही.

आम्ही दोघं बाहेर येऊन बसलो. काही वेळाने दाजी म्हणाले, "मागं आपल्या म्हशीचं दूध काढायचं हाय." तरी उठले नाहीत. हे रोज अक्का करत होती, आणि म्हशीला दाजींची सवय नव्हती. शेवटी ते गेले, आणि पाव बादली दूध व एक लाथ घेऊन परतले.

अक्का सव्वासातला जागी झाली. आधी शांतता, मग एकच ओरडा.

"अगं बाई! दिवस कवा वर आला? मला उठवलं का न्हाई? लोक काय म्हणतील?"

"लोकांना काय, अजून गिरणीसुद्धा झोपलीय," मी म्हणालो.

ती हसली नाही. हात धुता धुता रडायलाच लागली. मग हळूहळू बोलली. दोन महिन्यांपासून उभं राहिलं की डोळ्यांपुढं अंधारी येते. बोटांना मुंग्या येतात. दळण उचलताना एकदा ती परड्यात बसली, पण कुणी बघितलं नाही.

"सांगितलं का नाहीस?"

"कवा सांगू?" तिने विचारलं. "सकाळी फुरसत कुठं ऱ्हाती."

माझ्यासाठी एका डॉक्टरने, एका बायकोने आणि अख्ख्या गल्लीने सकाळ मोकळी करून दिली होती. आणि हिला "मला चक्कर येते" एवढी तीन शब्दांची गोष्ट सांगायला बत्तीस वर्षांच्या संसारात एक सकाळ मोकळी नव्हती.

त्याच दिवशी तिला मानवतला दवाखान्यात नेलं. रक्त फारच कमी निघालं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, महिनाभर जड काम बंद म्हणाले, आणि पहाटेचं उठणंही. अक्का त्यांना म्हणाली, "असं कसं जमंल डाक्टर, घरात पाव्हणा हाय." डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं.

पुढचे आठ दिवस पाव्हण्याने स्वयंपाक केला. माझी पहिली भाकरी परभणी जिल्ह्याच्या नकाशासारखी झाली. दाजींची त्याहून वाईट, तिला नकाशाही म्हणता येईना. ते न बोलता ती खात होते. शेवंतामावशी मुद्दाम येऊन बघून गेल्या आणि गल्लीभर सांगत सुटल्या की पुण्याच्या पाव्हण्याला दवाखान्याने भाकरी थापणं लिहून दिलंय. खाजाभाईंना मी सहाला पट्टा चढवायची विनंती केली. ते जरा नाराज झाले. गिरणी सुरू झाली, म्हैस रेकली, आणि त्या गोंगाटात माझी छाती एकदाही धडधडली नाही. मला आवाजाचा त्रास कधी नव्हताच बहुतेक.

अक्काला ओट्यावर बसवणं सर्वांत अवघड. पहिल्या दिवशी ती लसूण घेऊन बसली. तो काढून घेतला तर वाती वळायला लागली. तिसऱ्या दिवशी रिकाम्या हातांनी बसली आणि बऱ्याच वेळाने म्हणाली, "ऊन हितपर्यंत येतंय होय? मला वाटलं अंगणातच ऱ्हातंय."

निघायच्या आदल्या दिवशी आम्ही तिघं पोखर्णीच्या नरसिंहाला गेलो. परभणी ओलांडून पुढे रस्त्याकडेला हरभरा, ज्वारी, मध्येच उसाचे हिरवे पट्टे. एरवी कुठेही जायचं तर अक्का पहाटे चारला उठून डबे करते. या वेळी परभणीत उतरून पुऱ्या-भाजी खाल्ली आणि तिने त्या भाजीला मनसोक्त नावं ठेवली. देवळात दर्शन झाल्यावर ती मंडपात खांबाला टेकून बसली. पाच मिनिटं झाली, पंधरा झाली. परतीच्या गाडीची वेळ होत आली. माझ्यातला रवानगी अधिकारी जागा झाला आणि मी म्हणालो, "अक्का, चल."

"बसू द्या तिला," दाजी म्हणाले. "पुढची गाडी हाय."

पुढची गाडी दीड तासाने होती. आम्ही बसलो.

दाजींनी तोवर दूध काढायचं स्वतःकडे घेतलं होतं. म्हशीनेही नाइलाजाने मान्य केलं होतं. भांड्यांना शेवंतामावशींच्या ओळखीची एक बाई लावली. निरोप घेताना अक्का म्हणाली, "तू आराम करायला आलतास, आन् राबून चाललास." मी वाकून तिच्या पाया पडलो.

परतीच्या वाटेवर मी शांत होतो, देवगाव फाट्यावर योग्य गाडीतही बसलो. सावकाश सकाळ ही गोष्ट मला औषधासारखी वाटली होती, ज्याला लिहून दिली त्याने घ्यायची. पण घरात एकाच माणसाची सकाळ सावकाश करायची ठरवली, की उरलेली सगळी घाई मुकाट्याने दुसऱ्या कुणाच्या तरी अंगावर पडते. आणि ते माणूस बहुधा तक्रार करत नाही, कारण तक्रारीलाही वेळ लागतो. रजा संपल्यावर मी कामावर गेलो. ट्रकचे नंबर वाचता येतात. पहाटेचे फोन आता विभागातले आम्ही तिघं जण पाळीने घेतो. हे मागायला मला बावीस वर्षं लागली, साहेबांना हो म्हणायला दोन मिनिटं.

पण घरी परतल्यानंतरची पहिली सकाळ सांगायला हवी. माधुरीच्या आधी उठलो, चहा केला, दोन कप टेबलावर ठेवले. ती केस बांधत आली आणि दारातच थबकली.

"काय झालं? अक्का बऱ्या आहेत ना?"

"बरी आहे. बस."

"डबा व्हायचाय."

"भाजी मी चिरलीय. बस."

तिने माझ्याकडे संशयाने पाहिलं आणि खुर्चीच्या काठावर टेकली, पुढच्याच थांब्यावर उतरायचं असल्यासारखी. चहा संपता संपता पाहिलं, तर तिची पाठ खुर्चीला टेकली होती.