खांबाची सावली

मे महिन्यात आमच्या धुळे रोडच्या स्टॉपवर सावली एकच, विजेच्या खांबाची. चारच्या बससाठी आम्ही त्या सावलीत एकामागे एक उभे राहायचो. सर्वांत पुढे एक अक्का, डोक्यावर ओला टॉवेल, ऊन लागू नये म्हणून कमरेला कांदा. बसला उशीर झाला की त्या कांदा चाचपायच्या. नाव मी कधी विचारलं नाही.

यंदा त्या दिसेनात. एका दुपारी माझ्यापुढे स्कूटर थांबली. ओल्या टॉवेलवर हेल्मेट, हँडलला बांधलेला कांदा.

"अक्का, एवढ्या उन्हात स्कूटर?"

"ऊन तेच शे. पन आते मी त्यामा उभी ऱ्हात नही. बस मांगे."

मला मागे बसवून त्या निघाल्या. पुढे वळणावर आमची बस बंद पडली होती. रस्ता मोकळा होता, तरी अक्कांनी हॉर्न वाजवला. दोनदा.