अँबिशन आणि धानोऱ्याची बदली

धानोऱ्याच्या स्टँडवर बाबांनी माझी ट्रंक एसटीच्या टपावर चढवली आणि खिडकीशी येऊन बजावलं, "कोनी फुकट चहा पाजला तं पेऊ नको. आंधी इचार, काऊन पाजून राह्यला म्हनून." मी नागपूरला कॉलेजात निघाले होते आणि बाबांना अख्ख्या नागपूरचाच संशय होता.

हा गुण माझ्यातही पुरेपूर उतरला. इंग्रजीचे सर प्रत्येकाला विचारत, "तुमची अँबिशन काय?" पोरं भराभर डॉक्टर, कलेक्टर सांगत. मला तो शब्दच लबाड वाटे. एकदा लायब्ररीतला जाडजूड कोश उघडला. मूळ लॅटिन निघालं. रोममध्ये निवडणुकीला उभे राहणारे मतं मागत लोकांमध्ये हिंडत, त्या हिंडण्यावरून हा शब्द आला. सुट्टीत बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "बरोबर हाय. ज्याले बैल घ्याचा राह्यते, तोच बैलाभोवती फिरते."

पुढे मी नागपुरातच सरकारी शाळेत शिक्षिका म्हणून लागले. पंखा, गॅस, शेजारच्यांचा टीव्ही, सगळं मिळालं. मग आई गेली आणि बाबा एकटे पडले. मोहफुलांच्या दिवसांत ते एकटेच टोपली घेऊन फुलं वेचायला जात असतील, हे मनातून जाईना. धानोऱ्याला बदली मागायचं ठरवलं.

धानोरा ज्यात येतं तो गडचिरोली जिल्हा तेव्हा नवा होता आणि तिकडची बदली म्हणजे शिक्षा. तिथून सुटायला लोक साहेबांचे उंबरठे झिजवत. मी तिथे जायला झिजवले. कोणाचा विश्वासच बसेना. हेडक्लार्क हळूच म्हणाले, "मॅडम, खरं सांगा, तेंदूपत्त्याचा ठेका घेतला का तिकडे?" वडील आहेत, एवढं कारण कोणालाच पुरत नव्हतं.

ऑर्डर घेऊन धानोऱ्याला घरी पोचले. बाबा हसले नाहीत.

"कोनासंग भांडली तू?"

"मी मागून घेतली, बाबा."

"मागून कोनी इथी येते का?"

दुसऱ्या दिवशी शाळेतून परतले तर घराला कडी. शेजारीण म्हणाली, ते धुतलेलं धोतर नेसून पंचायत समितीच्या सभापतींकडे गेले. मी तिथे पोचले तेव्हा बाबा पायरीखाली हात जोडून उभे होते.

"पोरगी तोंडाची फटकळ हाय साहेब, पन कामाची खरी हाय. तिची सजा माफ करा. तिले नागपूरले वापस धाडा."

जन्मभर कोणाच्या दारी न गेलेला माणूस. मला रडू आवरेना.

बाहेरगावी गेलेले तुम्ही सगळे विचारता, आता तुझं घर कोणतं? मी तिथे राहू नये म्हणून जिथला माणूस दुसऱ्यापुढे हात जोडतो, ते.