खुंटीवरचा पट्टा

आमच्या थोरल्या दिराला वाघासारखा कुत्रा हवा होता, कारण स्वतः तो मांजरापुढंही उभा राहत नसे. हे मी त्याच्या तोंडावर सांगितलेलं आहे, त्यामुळं इथं लिहायला हरकत नाही. बैलगाडा शर्यतींच्या घाटात मोठ्या माणसांच्या मागं उभं राहायचं आणि फोटोत डोकं घालायचं, एवढीच त्याची कर्तबगारी. मग कुणीतरी सांगितलं की दारात पिटबुल असला की माणसं दबून राहतात. लगेच पुण्याहून पिल्लू आलं. ते मोठं झालं तेव्हा दिराच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लागला. गॉगल लावलेला दीर खुर्चीत आणि पिटबुल साखळीला, खाली ‘भावी सरपंच’. अवसरीच्या चौकात तो फ्लेक्स फाटून लोंबेपर्यंत होता.

कुत्र्याला मात्र आपण पिटबुल आहोत हे कुणी सांगितलं नव्हतं. कुकरची शिट्टी झाली की तो माझ्या सासऱ्यांच्या बाजेखाली शिरायचा आणि शिट्ट्या संपेपर्यंत बाहेर यायचा नाही. कोंबड्या त्याच्या ताटलीत चोच मारायच्या. फ्लेक्सवाल्या धन्याकडं तो फारसा जात नसे. त्याचा माणूस म्हणजे माझे सासरे.

सासऱ्यांना त्याआधीच अर्धांगवायू झाला होता. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. उभ्या आयुष्यात त्यांनी बैलावर, भावकीवर आणि आमच्यावर आवाज काढला होता. आता दोन-चार शब्दच काय ते धड निघत. त्यातला एक म्हणजे ‘ये रं’. त्यांची बाज पडवीत टाकली होती. डॉक्टर म्हणाले होते, हात रोज हलवत राहा. पहिले काही दिवस सगळ्यांनी हौसेनं हलवला, मग प्रत्येकाला आपापली कामं आठवली. कुत्रा मात्र रोज त्या निर्जीव हाताखाली डोकं घालून तो वर उचलायचा, हात घसरला की पुन्हा उचलायचा. म्हातारा डाव्या हातानं त्याला आपल्या भाकरीचा तुकडा द्यायचा. त्या घरात म्हाताऱ्याला जीव लावणारं तेवढं एकच होतं, आणि बाकीच्यांतून मी स्वतःला वगळत नाही.

आमचं घर मळ्यात, तिन्ही बाजूंनी ऊस. उसात बिबटे राहिले, व्याले, वाढले. आमच्याकडं त्यांना वाघच म्हणतात. वाघाला सगळ्यात सोपी शिकार कुत्र्याची, आणि तो धरतो गळ्याला. म्हणून मळ्यातल्या कुत्र्याच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा असतो, टोकं बाहेर काढलेला, वेल्डिंगवाल्याकडून करून घेतलेला. तो दिवसरात्र गळ्यातच राहतो. कुत्रं कुणाला दिलं तर पट्ट्यासकट देतात. बाकी दाव्याला, ताटलीला कुणी विचारत नाही, पण पट्टा सोबत जातोच. आमच्या भागात कुत्र्याच्या गळ्यातला पट्टा उतरतो तो कुत्रं मेल्यावर.

मग दिल्लीहून ते पत्रक निघालं. ज्या जातीचे कुत्रे माणसांवर जातात त्यांच्यावर बंदी, आणि यादीत पिटबुल सगळ्यांत वर. मोबाईलवर ते गावभर फिरलं आणि सगळ्यांनी ‘बंदी’ एवढाच शब्द वाचला. ज्या पोरांनी आमच्या कुत्र्यासोबत सेल्फी काढले होते त्यांचेच बाप रस्त्यात थांबवून सांगायला लागले, “राव, त्या जनावराचा बंदोबस्त करा. एखादं पोरगं फाडल्याव करनार का?” दुधाचा टेम्पोवाला फाट्यावरच थांबायला लागला. बंदी यायच्या आधी तो आमच्या अंगणात यायचा आणि कुत्रा त्याचे पाय चाटायचा.

मी ते पत्रक शेवटपर्यंत वाचलं. त्यात स्पष्ट होतं की असे कुत्रे आणणं, विकणं, त्यांची पैदास करणं बंद. ज्यांच्या घरी आधीपासून आहेत त्यांनी नसबंदी करून घ्यावी, म्हणजे पुढं वंश वाढणार नाही. घोडेगावला कामाला गेले होते तेव्हा जनावरांच्या डॉक्टरांनाही विचारून आले. ते म्हणाले, “ऑपरेशन करून घ्या, दाखला जपून ठेवा आणि कुत्रा घरातच राहू द्या. घाबरण्यासारखं काही नाही.”

मी आनंदानं घरी येऊन हे सांगितलं. दीर जेवत होता. त्याचा घास हातातच राहिला.

“खच्ची करू? माज्या पिटबुलला?”

“दादा, औताचे बैल खच्ची करतोच की आपन.”

“औताचे करत्यात. घाटातले कुनी करतं का? लोकं म्हनतील, ह्याचा पिटबुल बी खच्ची. मला घाटात तोंड दाखवायचंय.”

“मग असाच ठिवा.”

“आन उद्या विलेक्शनला कुनी तक्रार टाकली म्हंजे? ह्याच्या घरी बंदीचा कुत्रा हाय म्हनून?”

“तुमी घरात बसा. मी नेते दवाखान्यात.”

“बाईमानसानं ह्यात पडू नाय,” तो म्हणाला आणि ताटात हात धुतला.

माझा नवरा तिथंच बसला होता. घरात असं काही निघालं की तो मोबाईल चार्जिंगला लावायला उठतो. तेव्हाही उठला. पडवीत म्हातारा आमच्याकडं बघत होता आणि त्याचा हात कुत्र्याच्या डोक्यावर होता. त्याला सगळं कळत होतं. जीभ गेली म्हणजे डोकंही गेलं, असा आमच्या घरात सोयीचा समज होता.

दिराला कुत्रा ठेवायचा नव्हता, खच्ची करायचा नव्हता, विकणं आता गुन्हा होता आणि मारलं तर हाताला पाप लागणार होतं. अशा माणसाला काय सुचतं ते मला तेव्हा कळायला हवं होतं. नाही कळलं.

मी मंचरला बाजाराला गेले होते. परत आले तेव्हा दिवस मावळून गेला होता. बाजेखाली कुत्रा नव्हता. म्हाताऱ्यानं भाकरीला हात लावलेला नव्हता. समोरच्या भिंतीवर बैलांचे कासरे अडकवायची खुंटी आहे, तिच्यावर खिळ्यांचा पट्टा होता. म्हातारा त्या पट्ट्याकडं बघत होता.

“कुत्रा कुठंय?”

“नारायणगावला दिला दोस्ताला,” दीर म्हणाला. “लई मोठा मळा हाय त्याचा. मजेत राहील.”

“आन पट्टा?”

“त्याच्याकडं हाय दुसरा.”

एवढं बोलून तो टीव्हीचा आवाज वाढवायला गेला. माझी जाऊ भाकरी थापत होती. ती मान वर न करता म्हणाली, “आबा सांजच्याला लई वरडत व्हते गं. ये रं, ये रं करीत व्हते. मला वाटलं भांडं पायजेल. भांडं दिलं तर ढकलून दिलं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जनावरांना घास कापायला म्हणून विहिरीकडं गेले. मोटारीचा खांब उसाला लागून आहे. खांबाला कुत्र्याची साखळी होती, आणि साखळीच्या टोकाला काथ्याच्या दोरीचा तुकडा. दोरी रक्तानं कडक झाली होती. साखळी पोहोचेल तेवढी जमीन नखांनी उकरलेली होती. सगळ्यात खोल उकरलं होतं ते घराच्या बाजूला. तिथून आमची पडवी दिसते. हाक मारली तर ऐकूही येते.

कुत्र्याला वाघापुढं बांधायचं तर पट्टा काढावाच लागतो, नाहीतर वाघ नेत नाही. तो त्यानं काढला आणि चांगला दणकट आहे, गंजून वाया कशाला घालवा, म्हणून घरी आणून खुंटीला लावला. जन्मभर वस्तू जागच्या जागी ठेवणारा माणूस. त्या दिवशी तो पट्टा उसात फेकून आला असता, तर म्हाताऱ्याला निदान नारायणगाव खरं वाटलं असतं.

मी साखळी घरी आणली आणि दिराच्या चहाशेजारी टाकली. तो दचकला, पण क्षणभरच.

“मी मारला का?” तो म्हणाला. “वाघानं नेला. रोज नेतो कुनाचं ना कुनाचं. माज्या हातानं काय केलेलं न्हाई.”

मी त्याला जे बोलले ते इथं लिहीत नाही. जाऊ रडली, नवऱ्यानं मला आत ओढलं आणि म्हणाला, कुत्र्यापायी घर मोडतीस का. मला दिराची शिसारी आली होती, पण त्या क्षणी नवऱ्याची जास्त आली. त्या दिवसापासून सासऱ्यांनी थोरल्याच्या हातचं पाणी सोडलं. तो पेला पुढं करायचा आणि म्हातारा तोंड भिंतीकडं करायचा. दीर म्हणायचा, आजारानं चिडचिडे झालेत. दवाखान्यातून गोळीही वाढवून आणली.

पट्टा खुंटीवरच राहिला. मी काढायला गेले की म्हातारा डावा हात हलवून नको म्हणायचा. मग मीही सोडून दिलं.

पुढं वाघ माणसांवर यायला लागले. खुरपायला वाकलेल्या बाईला तो जनावर समजतो, म्हणून आमच्या भागात बाया गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून रानात जायला लागल्या. मीही घालते. बाहेरगावचे लोक येऊन फोटो काढतात आणि हळहळतात. घाम आला की तो गळ्याला काचतो, मानेवर वळ उठतात. आमच्या पट्ट्यांना आतून कापड लावलेलं आहे, कुत्र्याच्या पट्ट्याला तेही नव्हतं. म्हातारा बाजेवरून आम्हाला जाताना बघायचा, आमच्या गळ्याकडं बघायचा, मग खुंटीकडं.

आणि एक दिवस दीर घाटातून ऐकून आला की त्या पत्रकाचं काही खरं नाही, कोर्टानं ते बाजूला ठेवलं. मी त्याला म्हटलं, हे कधीचंच झालंय, तुम्हाला आता कळलं. त्याला राग आला नाही. तो खुशीत होता. त्या आठवड्यातच गाडीतून पिल्लू उतरलं, तसंच, त्याच रंगाचं, त्याच रुंद कपाळाचं. कानावर हात ठेवावा तर तोही तसाच मऊ. त्या बिचाऱ्याचा काय दोष.

“आबा, बगा कोन आलंय,” दीर पडवीत येऊन मोठ्यानं म्हणाला, बहिऱ्याशी बोलावं तसं. “तुमचा दोस्त आला माघारी.”

म्हाताऱ्यानं पिल्लाकडं पाहिलं. ‘ये रं’ म्हणाला नाही. पिल्लू बाजेखाली शिरलं, हुंगून बाहेर आलं आणि दिराच्या चपलेचा अंगठा चावायला लागलं. दीर हसत खुंटीपाशी गेला, पट्टा काढला, शर्टाच्या बाहीनं त्यावरची धूळ पुसली. “अजून चार म्हैन्यांनी बसंल,” तो म्हणाला. “एक नंबर पट्टा हाय. आता असला कुनी करून देत न्हाई.”

तेवढ्यात सासऱ्यांनी डाव्या हातानं स्वतःच्या सदऱ्याचं वरचं बटण काढायला घेतलं. मला वाटलं उकडतंय. मी पंखा लावायला उठले. बटण निघेना म्हणून त्यांनी ते ओढून तोडलं आणि गळा मोकळा केला. मग मान वर करून दिराकडं बघत राहिले. इतक्या दिवसांत त्यांनी त्याच्याकडं पाहिलं नव्हतं.

“मला घाल,” ते म्हणाले.

शब्द वाकडे निघाले, पण सगळ्यांना कळले. दीर हसल्यासारखं करत म्हणाला, “काय आबा, कायबी बोलता. तुमी कुठं रानात जानार?”

म्हातारा बराच वेळ जिभेशी झगडत होता. ओठाच्या कोपऱ्यातून लाळ गळत होती आणि ती पुसायला कुणी पुढं झालं नाही, मीसुद्धा नाही.

“मला बांदशील,” ते म्हणाले, “तवा काढू नगं.”