आज कांदा डाळीत पडला

आज दुपारी लोणखेड्यात आमच्या घरासमोरून वरात गेली आणि अगदी दाराशी फटाक्यांची माळ लागली. माझ्या जाऊबाई, अलकाताई, ओसरीत गहू निवडत होत्या. घरातले आम्ही सगळे जागच्या जागी थिजलो.

कारण सांगते. ताई याआधी तीनदा बेशुद्ध पडल्या होत्या. दरवेळी सासूबाई कांदा फोडून नाकाशी धरायच्या, ताई मिनिटभरात उठायच्या आणि आम्ही ‘फिट आली’ म्हणून विषय सोडून द्यायचो. कांद्याचा मान मात्र घरात वाढला.

दोन वर्षांपूर्वी शहाद्याच्या डॉक्टरांनी विचारलं, "पडण्याआधी नेमकं काय झालं होतं?" तेव्हा आठवलं. एकदा फोन खणाणला होता, एकदा कुकरची शिट्टी, एकदा फटाका. ईसीजी काढला, पुढच्या तपासण्या झाल्या, आणि कळलं की ताई दचकल्या की त्यांच्या हृदयाची लय बिघडते. तीनदा ती आपोआप सावरली होती. चौथ्यांदा सावरलीच असती असं नाही. तेव्हापासून रोजची गोळी आहे आणि छातीत यंत्र आहे.

तर आज माळ संपली. सासूबाई सवयीने कांदा घेऊन धावत आल्या. ताईंनी सुपातून मान वर केली.

"आत्या, काही व्हयनं नही. तो कांदा आते दायमा टाका."

डाळ छान झाली होती.

तुमच्याकडेही कुणी असं अचानक पडतं आणि कांद्याने उठतं का? एक ईसीजी काढून घ्या. आम्हाला तीन कांदे उशीर झाला.