एप्रिलमध्ये पाहिलेला सडा

"मशीन उद्या सकाळी आठला वर चढेल," परुळेकरसाहेब फोनवर म्हणाले. "मार्किंग झालं ना?"

"झालंय. पण साहेब, मशीन दोन दिवस थांबवता येईल का?"

"कशाला? पाऊस तोंडावर आलाय, मॅडम. काय झालं?"

काय झालं ते मला धड सांगता येईना. मालवण तालुक्यातल्या एका सड्यावर, मे महिन्याच्या रणरणत्या उन्हात मी उभी होते. माझ्या चहूबाजूंना चुन्याच्या फुल्या होत्या. प्रत्येक फुलीवर एक खड्डा, प्रत्येक खड्ड्यात एक झाड, असा हिशोब. फुल्या मीच मारून घेतल्या होत्या. आणि अर्ध्या तासापूर्वी एका बाईने माझ्या हातावर बोटाच्या पेराएवढा एक कंद ठेवला होता, तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं.

सडा म्हणजे आमच्याकडच्या डोंगराचा सपाट माथा. सगळा जांभा दगड, माती असलीच तर भेगांमध्ये. गावाचं नाव मी लिहीत नाही. ते का, ते पुढे येईलच.

मी मूळची घाटावरची. शेतकी पदवी घेऊन कुडाळला नोकरीला आले ती इथलीच झाले. आमची फर्म छोटी, मालक परुळेकरसाहेब. कंपन्यांना नफ्यातला काही भाग समाजाच्या कामावर खर्च करावा लागतो, त्याला सीएसआर म्हणतात. त्या पैशातून आम्ही झाडं लावून देतो. जागा शोधणं, साइट सर्व्हे करणं आणि रिपोर्ट लिहिणं हे माझं काम. या सड्याचा सर्व्हे मी एप्रिलमध्ये केला होता. रिपोर्टात 'सध्याची वनस्पती' असा एक रकाना असतो. त्यात मी लिहिलं होतं, 'नाही. जमीन ओसाड.' खाली सही ठोकली आणि सरबत प्यायला शिरोड्याला गेले.

कंपनी खूश होती, कारण झाडांचा आकडा मोठा होता. सरपंच खूश होते, कारण निम्मी झाडं काजूची होती. ब्रेकर लावलेल्या जेसीबीने जांभा फोडायचा, डंपरने बाहेरची माती आणून खड्डे भरायचे आणि पाऊस पडला की रोपं लावायची. गेली कित्येक वर्षं मी हेच करत आले होते.

त्या सकाळी भागीकाकी म्हशी हाकत वर आली. साठीच्या पुढची बाई, कमरेला कोयता. चुन्याच्या फुल्या बघून थांबली.

"हय घर बांधतास?"

"नाही काकी, झाडं लावणार आहोत."

"झाडा? सड्यार?" तिने एका फुलीचा चुना पायाने पुसून बघितला. "मगे चवतीक माटवी कित्यान बांधूची?"

माटवी म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगतात ती लाकडी चौकट. तिला रानातली फुलं, फळं, वेली बांधतात. सिंधुदुर्गात घरोघरी असते. चवतीला मी दरवर्षी दहा घरी जाते, माटवीखाली बसून मोदक खाते. हे सगळं येतं कुठून, असं माझ्यासारख्या शेतकी पदवीधर बाईने एकदाही विचारलं नव्हतं.

"पण काकी, इथे आहे काय? नुसता दगड."

ती खाली बसली. कोयत्याच्या टोकाने तिने एक भेग उकरली, कंद काढला, पदराला पुसून माझ्या हातात दिला.

"ह्या मेलला नाय. निजलला आसा. भादव्यात पांढरी फुला येतत."

"नाव काय याचं?"

"नाव कित्याक होया? आमी बघून वळाखतंव."

ती म्हशींमागे गेली आणि मी तिथेच उभी राहिले. मग सावंतवाडीला कॉलेजात बॉटनी शिकवणाऱ्या माझ्या मैत्रिणीला, नीलिमाला, फोन लावला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सड्याचा सर्व्हे एप्रिलमध्ये? अगं, सुट्टीत शाळेत जाऊन हजेरी घेतलीस तू."

तिने मला समजावलं ते असं. सड्यावरची रोपं चार महिने जगतात. बाकीचे आठ महिने ती बी होऊन किंवा कंद होऊन दगडात पडून असतात. त्यातली काही कोकणातल्या सड्यांवरच उगवतात, जगात दुसरीकडे कुठेही नाही. जांभा फुटला, त्यावर बाहेरची माती आली, की मातीबरोबर तण येतं आणि ही मंडळी कायमची जातात. परत लावू म्हटलं तरी लावता येत नाहीत.

मी साहेबांना परत फोन केला.

"रिपोर्टवर सही कोणाची आहे?" त्यांनी विचारलं.

"माझी."

"मग कंपनीला सांगू काय? एप्रिलमध्ये मॅडमना दिसत नव्हतं, मेमध्ये दिसायला लागलं? फोटो आहेत का?"

फोटो मी काढले होते, चाळीसेक. सगळ्यांत दगड होता.

साहेब माणूस वाईट नाही. थोड्या वेळाने त्यांचाच फोन आला. "जमीन गावाची आहे. परवा ग्रामसभा आहे. जागा बदलावी असा ठराव गावानेच केला तर कंपनीशी मी बोलतो. पण मशीन थांबणार नाही. ते ठरलंय."

दुसऱ्या दिवशी मशीन आलं. ऑपरेटर विचारायला लागला, सुरुवात कुठून करू? मी त्याला सड्याच्या खालच्या कडेला नेलं, जिथे दगड संपून जरा माती सुरू होते. साहेबांना हे सांगितलं नाही. दिवसभर ब्रेकरचा आवाज येत होता आणि मी फेऱ्या मारत होते. प्रत्येक खड्ड्यागणिक ते धूड सड्याच्या बाजूला सरकत होतं. मी त्याला चहाला बसवलं, जेवायला लवकर सोडलं, एक लाइन चुकलीय म्हणून परत मोजायला लावलं. इतका कामचुकारपणा मी आयुष्यात केला नव्हता. तरी संध्याकाळपर्यंत सात खड्डे वर सड्यावर पडलेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रामसभा शाळेत भरली. नीलिमाने पाठवलेले फोटो मी प्रोजेक्टरवर लावले आणि बोलायला लागले. प्रदेशनिष्ठ प्रजाती, अधिवास, लॅटिन नावं. पाच मिनिटांत लोक पंख्याकडे बघायला लागले. मागून एक तरुण उठला.

"मॅडम, एप्रिलात तुमीच सांगितलास, सडो ओसाड आसा. आता सांगतास, थंय खजिनो आसा. आमी खयचा खरा धरूचा?"

लोक हसले. मी खरं ते सांगितलं. "एप्रिलमधलं चूक होतं. मी न विचारता लिहिलं. मी चुकले."

हसणं थांबलं. मी प्रोजेक्टर बंद केला. फळ्यावर खडूने सड्याचा आकार काढला आणि बायकांच्या बाजूला वळले. "मला फक्त एवढंच सांगा. माटवीला काय काय लागतं आणि तुम्ही ते कुठून आणता?"

भागीकाकी बसल्या जागेवरून म्हणाली, "हरणा." त्या नावाची पावसाळी रानफुलं असतात.

"कुठे असतात?"

"वाटेच्या वरच्या कातळार."

मी फुली मारली. दुसरी म्हणाली तेरडा. तिसरी म्हणाली शेरवड, पण ती सड्यावर नाही, खालच्या झाडीत. चौथीने कवंडळाची जागा सांगितली, तिच्या जावेने ती खोडून काढली. फळा भरत चालला. पुढच्या बाकावर विष्णूआपा बसले होते. गावातले सगळ्यात मोठे काजूवाले आणि या लागवडीसाठी सरपंचांपेक्षा जास्त उतावीळ. ते बराच वेळ चुळबुळत होते. शेवटी त्यांना राहवेना.

"हरणा थंय खंय गो? ती तळयेकडे. मी ल्हानपणापासून हाडतंय."

"तळयेकडची वायली, वेगळी," भागीकाकी म्हणाली.

"वायली कशी? उठ, दाखव फळ्यार."

ते स्वतःच उठले, माझ्या हातातून खडू घेतला आणि सड्यावरच्या पाण्याच्या तळीजवळ चार फुल्या मारल्या. मग मागे सरून फळ्याकडे बघत राहिले. त्यांच्या फुल्या बरोबर तिथे होत्या जिथे पावसाळ्यात काजू लागणार होते. ते जागेवर जाऊन बसले. ठराव वाचला गेला तेव्हा हात मात्र त्यांनी सगळ्यांच्या आधी वर केला.

सडा सोडायचा. झाडं लावायची ती खालच्या कडेला, शाळेभोवती आणि रस्त्याच्या बाजूने, तीही इथलीच, गाव सांगेल ती. साहेबांनी कंपनीची समजूत काढली. आकडा निम्म्यावर आला. माझा जीव भांड्यात पडला. त्या आठवड्यात मी दोन वेळा पोटभर जेवले, याची घरी नोंद झाली.

इथे थांबले असते तर बरं झालं असतं. पण मला उत्साह आला होता. फळ्यावरचा नकाशा मी ऑफिसात नीट काढला. कुठलं फूल कुठे, वाट कुठून, सगळं रंगीत. लॅमिनेट करून ग्रामपंचायतीच्या बाहेरच्या बोर्डावर लावला. जनजागृती म्हणून. येणारे-जाणारे थांबून बघायचे, फोटो काढायचे. मला फार अभिमान वाटला.

चवतीला चार दिवस असताना सरपंचांचा फोन आला. "मॅडम, जरा येवा."

सडा फुलला होता. मी तो तसा पहिल्यांदाच बघत होते, पण बघायला डोकं जागेवर नव्हतं. वाटेवर एक पिकअप उभा होता आणि गावकरी त्याला घेरून होते. दुसरा आधीच निघून गेला होता. बाहेरची माणसं पोती भरून फुलं नेत होती, शहरात माटवीचं सामान म्हणून विकायला. तळीकडची हरणं मुळासकट उपटलेली होती. एकाच्या हातात मोबाइल होता. स्क्रीनवर माझा नकाशा होता, माझ्या रंगांसकट.

मी तिथेच कातळावर बसले. ब्रेकरने दिवसभरात केलं नसतं ते माझ्या कागदाने दोन तासांत केलं होतं. मला रडू आवरेना. कोणी समजूत घातली नाही, आणि घालायचं कारणही नव्हतं.

भागीकाकी शेजारी येऊन उभी राहिली. "तुमी कागदार कित्याक लिवलास? आमी कधी लिवलला?"

त्याच संध्याकाळी बायकांनी बोर्डावरून नकाशा काढला. मग मंदिरात बसून सगळ्यांनी मिळून ठरवलं: चवतीच्या आदल्या दिवशी घरटी एका माणसाने जायचं, एका ओंजळीत मावेल तेवढंच आणायचं, मुळाला हात लावायचा नाही. बाहेरची गाडी घाटीखालीच अडवायची. या बैठकीला मला बोलावलं होतं, पण बोलायला कोणी सांगितलं नाही.

पुढच्या भादव्यात तळीकडे हरणं आली. पूर्वीइतकी नाहीत, असं विष्णूआपा म्हणतात.

आता राहिला रिपोर्ट. कंपनीला शेवटच्या रिपोर्टात सड्यावरच्या वनस्पतींची यादी हवी होती, जागांसकट. मी गावाला विचारलं. सरपंचांनी भागीकाकीला विचारलं. ती नको म्हणाली. मी यादी केली आणि 'कुठे आढळते' या रकान्यात प्रत्येक नावासमोर एकच लिहिलं, 'गावाला माहीत आहे.'

परुळेकरसाहेबांनी ते वाचलं आणि चष्मा काढला. "मॅडम, ही काय माहिती झाली?"

"या साइटवरची सगळ्यात खात्रीची आहे, साहेब. माझ्या सहीपेक्षा तरी."

त्यांनी रिपोर्ट तसाच पाठवला. कंपनीकडून एकही प्रश्न आला नाही. रिपोर्ट शेवटपर्यंत कोणी वाचत नाही, हे माझ्या एवढ्या वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच कुणाच्या तरी उपयोगी पडलं.