धाकट्याचं लग्न झालंय का?

‘पोरीच्या जातीनं कुणाला कूळ-देवक विचारायचं नसतं,’ हे आमच्या आत्याचं फर्मान. ‘काहून?’ म्हटलं की उत्तर ठरलेलं, ‘न्हाई म्हंजे न्हाई.’ आता असल्या उत्तरानं गप्प बसेन तर ती मी कसली? माझी फजिती झाली ती इथूनच.

विद्यापीठात मी सांस्कृतिक मानवशास्त्र शिकत होते. शेवटच्या वर्षी एका घराण्याच्या तीन पिढ्यांच्या नात्यांचा तक्ता करायचा होता. सर म्हणाले होते, ‘लोकांनी तुम्हाला घरातलं माणूस मानलं, तरच खरी माहिती मिळते.’ सरांचं काय जातंय म्हणायला?

वसमतहून एसटीनं शिरड शहापूर गाठलं. एक काका ओट्यावर हळकुंडं निवडत बसले होते.

‘काका, तुमचं देवक कोणतं?’

काकांनी मला नीट न्याहाळलं. ‘कळंब. काहून?’

‘अभ्यासाला पाहिजे.’

‘असं व्हय. आन् तुमचं?’

‘पंचपालवी.’

‘म्हंजे येगळं हाय.’ काकांचा चेहरा खुलला. आत वळून म्हणाले, ‘अगं, च्या टाक. दूध जास्त घाल.’

देवक एक असलं की सोयरीक होत नाही, यावर मी परीक्षेत दोन पानं लिहिली होती. समोर घडत होतं तेव्हा मात्र डोक्यात काही शिरलं नाही.

मी विचारलं, ‘मुलं किती?’

‘दोन. थोरल्याचं लगीन झालं.’

‘आणि धाकट्याचं?’

हो, हे मीच विचारलं. तक्त्यात जागा रिकामी होती, मी काय करणार? काकांनी लगेच धाकट्याला मळ्यातून बोलावून घेतलं. मी त्याचं शिक्षण विचारलं, मामाचं गाव विचारलं. तो मान खाली घालून उत्तरं देत राहिला. निघताना काकूंनी कुंकू लावलं, हातात नारळ दिला, घरचा पत्ता विचारून घेतला. मला वाटलं, सरांची पद्धत काय लागू पडली!

रविवारी आमच्या दारात जीप थांबली. काका, काकू, फेटे बांधलेले चुलते, साडी आणि साखर.

बाबा तर हरखूनच गेले. ‘पोरगी सोताच सोयरीक जुळवून राहिली की! आता परीक्षा कशाला? यंदाच उरकू.’

आत्या माझ्या कानाशी पुटपुटली, ‘तुला सांगितलं व्हतं.’

‘मी लग्न जमवायला गेले नव्हते,’ मी सगळ्यांसमोर सांगितलं. ‘अभ्यासाला गेले होते.’

‘धाकट्याचं लगीन झालं का, हे बी अभ्यासात असतं व्हय?’ काकांनी विचारलं.

‘असतं.’

‘आन् नारळ घेतलास, त्याचं काय?’ एक चुलते म्हणाले.

‘त्याची चटणी झाली. हे बघा, मी लग्न करणार नाही. परीक्षा देणार आहे. साडी परत न्या.’

काकूंनी साडी पिशवीत घातली. आत्यानं साखरसुद्धा परत दिली. आमच्या घरात मी पहिल्यांदाच जिंकले होते.

आणि नेमकं तेव्हा आठवलं, तक्त्यातली तिसरी पिढी अर्धीच राहिलीय.

‘काका,’ मी विचारलं, ‘तुमच्या आईचं माहेर कोणतं?’

काका चपला शोधायला लागले. ती जागा तक्त्यात अजून कोरी आहे.